बांधणी हिंग आणि मिनूची भाकरी

गणपती झाले की आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा मला फोन येतो. "काका, यंदा तरी हिंगाच्या गमती लिहा." मी दर वर्षी हो म्हणतो आणि दर वर्षी भलतंच काही पाठवतो. एकदा उत्तरायणातल्या पतंगांवर लिहिलं, एकदा माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर. गुडघ्याचा लेख वाचून एक गृहस्थ भेटले आणि म्हणाले, "आयुष्यभर हिंग विकलात आणि लिहिता गुडघ्यावर?" मी म्हटलं, "हिंगावर लिहिलं तर अंकाला वास येईल." ते हसले आणि मी सुटलो.

खरं कारण वेगळं होतं. हिंगाबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं तर मिनूची गोष्ट टाळता येत नाही. आणि ती मी इतकी वर्षं टाळत आलो आहे. यंदा मी संपादकांना सांगितलं की लिहितो, पण गमतींबरोबर जे येईल ते छापावं लागेल.

आधी धंद्याबद्दल. आमचं घराणं कारकुनांचं. आजोबा संस्थानच्या दफ्तरात, वडील शाळेत, चुलते कचेरीत. मी इंटरला दोनदा नापास झालो आणि बडोद्याच्या घडियाळी पोळेतल्या, म्हणजे त्या गल्लीतल्या, मगनकाकांच्या हिंगाच्या दुकानात चिकटलो. नातेवाईक माझी ओळख करून देताना म्हणत, "हा मसाल्याच्या व्यवसायात आहे," आणि घाईने विषय बदलत. मगनकाकांना मूलबाळ नव्हतं. ते थकले तेव्हा दुकान माझ्याकडे आलं, आणि मी हिंगवाले काका झालो.

हिंग झाडाच्या मुळाचा चीक असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो अफगाणिस्तानकडून येतो, चिकट, ओलसर, आणि वासाला असा की बंद डबा उघडला तर शेजारचा शिंपी मशीन सोडून बाहेर जाऊन उभा राहायचा. हा कच्चा हिंग कुणी घरात वापरू शकत नाही. मोहरीएवढा तुकडा आमटीत पडला तर आमटी फेकावी लागेल. म्हणून तो बांधायचा. पाण्यात भिजवायचा, गाळायचा, डिंक घालायचा, पीठ घालायचं, मळायचा, सावलीत सुकवायचा, डब्यात मुरू द्यायचा. मग त्याचे खडे करा नाहीतर पूड. बाजारात घेता तो हिंग हा असा बांधणी हिंग. त्यात चीक थोडा आणि पीठ पुष्कळ. यात फसवणूक काही नाही. पिठाशिवाय हिंग म्हणजे दुधाशिवाय चहाची पत्ती चावून खाण्यासारखं आहे.

पण पीठ कोणतं आणि किती, हे दुकानाबाहेर बोलायचं नाही, ही मगनकाकांची शिकवण. गिऱ्हाइकाने विचारलं तर एकच उत्तर: "शुद्ध छे." आणि पाटीवरही तेच, शुद्ध हिंग. प्रत्येक हिंगवाल्याच्या पाटीवर तेच असायचं. आमच्या दुकानात मैदा होता. चांगला, बारीक, दोनदा चाळलेला. मैद्याने खडा घट्ट बांधला जातो आणि वास टिकतो. मैदा चाळायचं काम आमच्या घरी, माझ्या बायकोकडे, मंगलकडे असायचं.

हाताला वास कायमचा. लिंबू, राख, चिंच, सगळं करून पाहिलं. डभोईला उधारी वसूल करायला गेलो की बसचा कंडक्टर मला बघून म्हणायचा, "काका, छेल्ली सीट. बारी पासे." मी मुकाट्याने शेवटच्या सीटवर खिडकीशी बसायचो. मंगलला बघायला गेलो त्या दिवशी मी खिशात अत्तराचा फाया ठेवला होता. अत्तर आणि हिंग मिळून जे झालं त्याने तिच्या आत्याला शिंका लागल्या. तरी होकार आला. पुढे मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "दारू पिणारा माणूस वास लपवतो. तुम्हाला काहीच लपवता येत नाही असं वाटलं मला." हे वाक्य मी तेव्हा चार लोकांना हसत सांगितलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक बाई स्वतःची काडेपेटी घेऊन यायच्या. खडा काडीवर धरायच्या, तो भपकन पेटला तर घ्यायचा. एकदा त्यांनी पदरही पेटवला आणि पदर विझवून, "सारो छे," असं म्हणून पाव किलो नेला. एका आजोबांनी वर्षभर वापरलेला हिंग परत आणला, कारण त्यांना वास येत नव्हता. त्यांच्या सुनेने मागून मला खुणेने सांगितलं की सर्दी आहे. मी त्याच हिंगाची पुडी बदलून दिली. दुसऱ्या आठवड्यात आजोबा येऊन म्हणाले, "हवे बराबर." सर्दी गेली होती.

आणि रसिकभाई. लग्नाची जेवणं करणारे मोठे केटरर, कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांची कामं त्यांच्याकडे. तिथे हिंगच कांदा आणि हिंगच लसूण. रसिकभाई गल्ल्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आखा बडोदामां शुद्ध हींग एकज जग्याए." ते बसले की मला दुकानाची उंची वाढल्यासारखी वाटायची.

तर सुनंदाताई. मराठी शाळेत शिकवत. आधी आमच्याच पोळेत राहायच्या, नवरा गेल्यावर मांजलपूरला फ्लॅट घेतला, पण हिंग आमच्याकडूनच. मंगलची आणि त्यांची मैत्री. त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी, म्हणजे मिनू. लहानपणी माझ्या दुकानात नाक दाबून उभी राहायची आणि नाक दाबल्या आवाजात म्हणायची, "काका, दहा ग्रॅब."

मिनू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना वाळत गेली. रक्त कमी, जेवलं की पोट नगाऱ्यासारखं, मध्येच जुलाब. सुनंदाताई दुकानात येऊन सांगत होत्या आणि मी हिंगवाल्याने जे सांगावं तेच सांगितलं: "ताकात चिमूटभर जास्त हिंग घालून द्या. दोन वेळा. गॅसेस कुठल्या कुठे जातील." वर एक खास जुना, मुरलेला हिंग डबीत भरून दिला. ताई पैसे काढू लागल्या तेव्हा मी त्यांना रागावलो. "मिनूला माझ्याकडून आहे."

ताक-हिंगाने काही झालं नाही. मग मोठे डॉक्टर. त्यांनी सांगितलं की गव्हातलं एक प्रथिन तिच्या आतड्याला चालत नसावं, त्याला सिलिअॅक म्हणतात. पण रक्ताचा रिपोर्ट ना धड इकडे, ना धड तिकडे. मग दुर्बीण घालून तपासायचं ठरलं, आणि तोपर्यंत तिने गहू सोडायचा नाही असं बजावलं, नाहीतर आतडं सुधारेल आणि तपासणीत काही दिसणार नाही. म्हणजे ज्याने त्रास होतो तेच खात बसायचं. मंगल सांगायची, ती पोर पोळीकडे असं बघत जेवते, जणू पोळीने तिचं काही चोरलंय.

दुर्बिणीतूनही नक्की काही कळेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता गहू कडकडीत बंद करून बघू. तीन महिने. बरं वाटलं तर गहूच. नाही वाटलं तर दुसरं काहीतरी शोधू. एक कणही पोटात जाता कामा नये.

मिनूने ते मनावर घेतलं. तिला पुण्यात नोकरी मिळत होती आणि आईने सांगितलं होतं, पोट ठीक झाल्याशिवाय घराबाहेर पाठवणार नाही. तिची नोकरी या तीन महिन्यांवर टांगलेली. थेपले गेले, खाखरे गेले, गव्हाची भाखरी गेली. बडोद्यात राहून हे सगळं सोडणं म्हणजे काय ते बडोदेकरालाच कळेल. ती ज्वारीची भाकरी थापायला शिकली. पहिली भाकरी तिने मंगलला दाखवायला आणली होती. मंगल म्हणाली, "छान आहे गं. नकाशात बघितल्यासारखी वाटते." दोघी हसून हसून खाली बसल्या.

घरातली प्रत्येक वस्तू ती तपासत होती. सोया सॉस, पापड, बाहेरची चटणी. आणि एका संध्याकाळी ती दुकानात आली.

"काका, एक खरं सांगाल का? हिंगात गव्हाचं काही असतं का?"

समोर खुर्चीत रसिकभाई बसले होते. मोसमाची मोठी ऑर्डर लिहून द्यायला आले होते. त्यांनी कान टवकारलेले मला दिसले. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं.

मी म्हटलं, "नाही बेटा. आपला हिंग शुद्ध आहे."

"नक्की ना? मैदा, कणीक, काही नाही?"

रसिकभाई हसून म्हणाले, "अरे बेन, आ दुकाने आवीने आवुं पूछाय?" म्हणजे या दुकानात येऊन असं विचारायचं असतं का.

मी म्हटलं, "नक्की."

"हाश," ती म्हणाली. "म्हणजे ताक चालू ठेवते. तेवढंच एक चवीचं उरलंय."

मला त्या क्षणी माहीत होतं. उगाच कुणी म्हणू नये की म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नसेल. मी मनाशी म्हटलं, चिमूटभर हिंग, त्यातला चिमटीतला चिमूट मैदा, त्याने काय होणार आहे? गव्हाचा एक कण म्हणजे डॉक्टर लोकांचं बोलणं. आणि रसिकभाईंची ऑर्डर मी वहीत उतरवून घेतली.

दीड महिन्यानंतर मंगल मांजलपूरहून आली ती काळजीत. "मिनूचं पोट अजून तसंच आहे हो. ताई म्हणतात, ताकात हिंग वाढवून बघते." मग तिने माझ्याकडे बघितलं. मैदा तीच चाळायची. "तुम्ही तिला सांगितलंत ना हिंगात काय आहे ते?"

मी उधारीची वही उघडून पानं उलटायला लागलो.

"सांगितलं नाहीत?"

"बघतो मी."

"बघायचं काय त्यात? फोन उचला."

मी फोन उचलला नाही. मी तांदळाचं पीठ आणलं. मगनकाकांची परात घासून घेतली, नवं फडकं घेतलं, आणि मिनूसाठी वेगळा हिंग बांधला. मंगल दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक वाक्य बोलला असतात तर?" पण मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. कुणाला कळणार नाही, पोर बरी होईल, दुकानाचं नाव राहील. हिंग मुरल्यावर डबी भरून स्वतः मांजलपूरला देऊन आलो. "नवा माल आहे ताई. जुना टाकून द्या."

चारच दिवसांत ताई डबी घेऊन दुकानात हजर. "काका, रागावू नका. पण यात दम नाही हो. फोडणीत घातला की वास उडून जातो, आणि खडाही भुसभुशीत आहे. आपला नेहमीचा द्या."

तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो, मला घाईत तो नीट जमला नव्हता. तेव्हा तरी सांगायचं. पण दुसऱ्या कुणी "तुमच्या हिंगात दम नाही" म्हटलं असतं तर जे मनात आलं असतं तेच आलं. मला लागलं. मी नेहमीच्या बरणीत हात घातला आणि त्यांना नेहमीचा हिंग दिला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हा. हा खरा."

गणपतीत आम्ही दोघं त्यांच्याकडे दर्शनाला गेलो. मिनूचे तीन महिने नुकतेच संपले होते. डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं की फरक नाही, म्हणजे गहू नसावा, पोळी सुरू करा. ते सांगता सांगता त्यांनी सहज विचारलं होतं, बाहेर काही खाते का? आणि कुणीतरी शेजारणीने मिनूला सेव-उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मैत्रिणींबरोबर पाहिलं होतं. आता बडोद्यात सेव-उसळ पावाशिवाय कोण खातं.

"मी फक्त उभी होते, आई. सोडा प्यायले."

"लारीवर जाऊन उभी राहिलीस आणि हवा खाल्लीस?"

"खरंच नाही खाल्लं."

"मी शिक्षिका आहे, मिनू. मला मुलं 'खरंच' म्हणतात तेव्हा काय ते कळतं." आणि आमच्याकडे वळून, "बघा हो काका. तीन महिने भाकऱ्या थापल्या मी हिच्याबरोबर. आणि ही बाहेर पाव खात होती."

मिनूने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. घरातलं मोठं माणूस आपली बाजू घेईल, या आशेने. मंगलने माझ्या कोपराला चिमटा काढला, इतक्या जोरात की नंतर तिथे काळं-निळं झालं. मी मोदक हातात घेऊन म्हणालो, "जाऊ द्या ताई. तरुण मुलं आहेत. चालायचंच." म्हणजे मी नुसता गप्प बसलो नाही. तिने खाल्लं होतं, हे मी धरूनच चाललो. मिनू उठून आत गेली.

पुढे तिने आईशी भांडून पुण्याची नोकरी घेतली. आणि तिथे बरी झाली. स्वतःच्या हट्टाने तिने गहू पुन्हा सोडला होता, आणि खोलीतल्या मैत्रिणींना हिंगाचा वास सहन होत नव्हता, म्हणून हिंग नाही. वजन वाढलं, रंग आला. तिथल्या डॉक्टरांनी तिला काही आठवडे मुद्दाम पुन्हा पोळ्या खायला लावल्या, त्रास काढायला लावला, आणि तपासणी केली. या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला. सिलिअॅकच.

आम्ही आनंदाने पेढे वाटले. मला तर वाटलं, संपला विषय. पण सुनंदाताई मंगलला म्हणाल्या, "म्हणजे बघ, गहूच होता. तिकडे नीट पाळलं तर बरी झाली. इथे चोरून खात होती, हे आता कागदावरच आलं." पोर बरी झाली आणि त्यानेच ती खोटी ठरली.

पुढच्या दिवाळीत मिनू दुकानात आली. एकटी. अंगाने भरलेली, केस कापलेले. नाक दाबलं नाही.

"कसे आहात काका?"

"मजेत. तू काय, ओळखू येत नाहीस."

"काका, पुण्यात मॉलमध्ये हिंगाची डबी घेतली होती हातात. मागे छापलेलं असतं सगळं. मैदा."

मी तराजूचं पारडं पुसायला लागलो.

"आधी खूप राग आला होता," ती म्हणाली. "तुमच्या दुकानावर मोर्चा आणावा म्हटलं. एकटीचाच." ती थोडी हसली. "आता नाही राग. मला काही नको. फक्त आईला एकदा सांगा. मी सांगितलं तर तिला वाटतं मी कारण शोधून आणलं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"सांगतो," मी म्हटलं. "मिनू, मी त्या दिवशी..."

तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नास ग्रॅम पूड हवी होती. मी तोलून दिली, पुडी बांधली, सुट्टे परत केले. वळलो तर मिनू पायरी उतरून स्कूटरवर बसली होती. तिने हात केला. मीही केला.

त्यानंतर मी दुकानाच्या पाटीवरचा "शुद्ध" पुसला आणि खाली लिहून घेतलं, हिंग, डिंक, मैदा. रसिकभाई खुर्चीतून उठून पाटी वाचून आले. "काका, आ तो बधाने खबरज छे," असं म्हणून परत बसले. हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यांनाही माहीत होतं. बहुतेक केटररना माहीत असतं. ऑर्डर पहिल्याएवढीच राहिली. ज्या भीतीने मी त्या पोरीशी खोटं बोललो ती अशी निघाली. तांदळाच्या पिठाचा हिंगही पुढे मला जमला, चांगला जमला. आता मुलगा दुकान बघतो, आणि त्या हिंगाला गिऱ्हाईक लांबून येतं. त्याचं कौतुक झालं की मी आत जाऊन बसतो.

आणि सुनंदाताई? मी गेलो त्यांच्याकडे. एकदा नाही, पुष्कळदा. मंगल होती तोवर ती मला स्कूटरवर मागे बसून ढकलत न्यायची. आता ती नाही, तर रिक्षाने जातो. ताई निवृत्त झाल्यात, आता ऐकायला थोडं कमी येतं, आणि मला बघून त्यांना इतका आनंद होतो की पहिला अर्धा तास त्याच बोलतात. नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगतात, तुझी आई किती लबाड, आजीला फसवून लारीवर पाव खायची. नातू खिदळतो. आता ती घरातली लाडकी गोष्ट झाली आहे. मिनू घरी असली तर ती उठून चहाचं बघायला जाते.

या श्रावणात गेलो तेव्हा मिनू आणि नातू पुण्याला परतले होते. ताई एकट्याच होत्या. याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. चहा झाला, चिवडा झाला. मी चपला घालत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, फोनवर म्हणालात काहीतरी सांगायचंय. काय होतं?"

मी म्हटलं, "हिंग संपला असेल तर कळवा. मुलाबरोबर पाठवतो."

"हे सांगायला रिक्षा करून आलात? चला, आवजो," असं म्हणून त्या हसल्या आणि लिफ्टपर्यंत सोडायला आल्या.

रिक्षात बसून घरापासून त्यांच्या दारापर्यंत मी जे घोकत गेलो होतो, ते एवढंच होतं: सुनंदाताई, मिनूने पाव खाल्ला नव्हता. तिने माझ्या दुकानात येऊन हिंगात गहू आहे का म्हणून विचारलं होतं, आणि मी तिला नाही म्हणून सांगितलं. तुमच्या घरी ती खरं बोलत होती आणि मी मोदक खात बसलो. मला माफ करा, आणि तिला एकदा फोन करून सांगा की तुम्हाला कळलं.